कुंदाताईंच्या हाताचं माप

वाळूचा ट्रॅक्टर अडवला की कुंदाताई आधी एक शब्दही बोलायच्या नाहीत. पायरीवर पाय ठेवून वर चढायच्या, किल्ली काढायच्या, डाव्या मुठीत धरायच्या आणि खाली उतरून तिथेच वाळूच्या ढिगावर बसून पंचनामा लिहायला लागायच्या. ड्रायव्हर गयावया करायचा, मालकाला फोन लावायचा, मालक मोटरसायकलवर येऊन आवाज चढवायचा. ताईंची मूठ उघडायची नाही. आणि मूठ तरी केवढी? बांगड्या भरायला गेल्या की कासारीण म्हणायची, "बाई, शाळंतल्या पोरींच्या मापात बघावं लागंल."

ताई आमच्या मंडळ अधिकारी, म्हणजे सात-आठ गावांच्या तलाठ्यांच्या वरच्या. मी त्या तलाठ्यांपैकी एक. हल्ली आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात कोणाची जीभ तेवढी वळत नाही. आमचा तालुका नगरपासून तासाभरावर. नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. ताई पाथर्डीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. "कागद आधी, आरडाओरडा नंतर," हे त्यांचं ठरलेलं. पंचनाम्यात मी 'अंदाजे एक ब्रास वाळू' असं लिहिलं की म्हणायच्या, "शैले, अंदाज घरी भाजीला लाव. इथं टेप लाव." मग मी निमूटपणे टेप घेऊन ढीग मोजायला जायचे.

ती मूठ कोणी उघडत नसे, त्याला कारण होतं. मागे आम्ही उभे असायचो. मी, सोनवणे तलाठी आणि गावचा कोतवाल. आम्ही काही पैलवान नव्हतो, पण तीन सरकारी माणसांच्या देखत एका बाईच्या हाताला हात घालायचा म्हणजे वाळूवाल्यालाही दोनदा विचार करावा लागायचा. गावात तोंड दाखवायचं असतं प्रत्येकाला. ताईंना हे पक्कं माहीत होतं. निघताना त्या माझ्या टेबलाशी येऊन "चल," एवढंच म्हणायच्या, आणि मी चपला घालायचे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, वाळूच्या पिकअपनं त्यांची स्कूटर मागून ढकलली आणि चारीत घातली. गुडघा फुटला, हाड वाचलं. गाडीला नंबरप्लेट नव्हती, म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कागदावर कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी साहेबांकडे अर्ज दिला. साहेब म्हणजे आमचे तहसीलदार. अर्जात मागणी एकच होती, नदीवर कारवाईला जाताना दोन पोलीस द्यावेत. पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज दिला. मग तिसरा.

तिसऱ्या अर्जानंतर साहेबांनी त्यांना बोलावलं. मी फाईल घेऊन तिथेच उभी होते. साहेब म्हणाले, "ताई, पोलीस कुठून आणू? त्यांच्याकडेच माणसं कमी. त्यापेक्षा तुम्ही रिव्हॉल्व्हरचा परवाना का नाही घेत? महिला अधिकारी, जिवाला धोका. मी आजच शिफारस करतो." ताई म्हणाल्या, "साहेब, मी माणसं मागितली होती." साहेब हसले. "अहो, माणसापेक्षा भरवशाचं असतं ते."

आणि मग काय विचारता! ज्या कचेऱ्यांमध्ये विहिरीची नोंद लावायला माणसाच्या चपला झिजतात, त्याच कचेऱ्यांमधून ताईंचा कागद पळत सुटला. चौकशी झाली, जबाब झाले, प्रशिक्षणाचा दाखला झाला, परवाना हातात आला. जो तो विचारायचा, "कुठलं घेणार मॅडम?" गुडघा कसा आहे हे कोणी विचारलं नाही. मला तेव्हाच किळस यायला हवी होती. पण खरं सांगते, मलाही मजाच वाटत होती.

खरेदीला नगरला जायचं ठरलं. आता ऐका. नदीवर जायला जी सरकारी जीप वर्षभरात कधी मिळाली नव्हती, कधी डिझेल नाही, कधी टायर नाही, ती जीप त्या दिवशी सकाळी धुऊनपुसून दारात उभी! पुढे नायब तहसीलदार, मागे सोनवणे, मी आणि ताई. नागापूरच्या एमआयडीसीपाशी ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा सोनवणे पूर्ण वेळ बंदुकीच्या बोअरवर आणि गोळ्यांवर बोलत होते. त्या माणसानं आयुष्यात दिवाळीची टिकलीसुद्धा लांबून फोडली असेल.

दुकानात शेठनं पहिलं पिस्तूल काढलं आणि दिलं कोणाच्या हातात? सोनवण्यांच्या! त्यांनी एक डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. नायब साहेबांनी दुसरं घेतलं, कमरेला लावून बघितलं, मला म्हणाले, "शैलाताई, एक फोटो घ्या." मी घेतला. शी! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दहा मिनिटं हा तमाशा चालला. मग ताई हळूच म्हणाल्या, "शेठ, यांचे हात बघून झाले असतील तर आता माझा बघा."

शेठनं हात बघितला आणि त्याचा चेहराच पडला. मग त्यानं कपाटातून एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. "हा घ्या लेडीज पीस. पर्समध्ये बसतो, कळतही नाही." ताईंनी ते रिकामं असल्याचं स्वतः उघडून बघितलं, भिंतीकडे धरलं आणि चाप ओढला. ओढेना. दोन बोटं लावली तेव्हा कुठे 'टक्' झालं. त्यांनी विचारलं, "हे हलकं आहे, मग झटका कमी बसतो का?" शेठ जरा घुटमळला. "नाही मॅडम, हलकं जितकं तितका झटका जास्त." "मग हे लेडीज कशानं झालं?" शेठ तो पीस परत कपाटात ठेवायला लागला. बायकांचा हात लहान, म्हणून वस्तू लहान. पुढे बाईच्या मनगटाचं काय व्हायचं ते होवो.

नंतर पिस्तूल घेतलं. त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी चढत नाही. ताईंनी सगळा जोर लावला तरी तो अर्ध्यातच अडायचा. सोनवणे खिदळले, "मॅडम, भाकरी थापायचा जोर लावा!" ताईंनी पिस्तूल खाली ठेवलं. "तुम्ही थापता का घरी, सोनवणे?" दुकानातला कारागीर फिस्सकन हसला, सोनवण्यांचं तोंड एवढंसं झालं. मग आमच्याबरोबरचे पुरुष वडापाव खायला बाहेर गेले आणि दुकानात जरा हवा आली.

त्यानंतर खरी निवड झाली. मधल्या आकाराचं, जरा वजनाचं रिव्हॉल्व्हर होतं, चापही त्यामानानं नरम. पण ताईंच्या बोटाचं नखच काय ते चापाला लागायचं. बोट पोचवायला गेलं की मनगट वाकडं व्हायचं आणि नळी भलतीकडे बघायची. कारागीर म्हणाला, "म्याडम, मूठ जाड व्हती तुमाला. लाकूड तासून देऊ का?" ताई म्हणाल्या, "तासा." त्यानं मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या, कानस मारली, बसवल्या, रिव्हॉल्व्हर ताईंच्या हातात दिलं. पुन्हा काढल्या, पुन्हा तासल्या. कासारीण बांगडी भरताना जसा हात दाबून बघते तसा तो लांबूनच, नजरेनं बघत होता. हात लावला नाही बिचाऱ्यानं. तिसऱ्या खेपेला बोटाचं पेर बरोबर चापावर आलं, मनगट सरळ राहिलं. मी म्हणाले, "बसलं की हो ताई!" त्या म्हणाल्या, "हातात बसलं गं. मनात नाही बसत."

पुढे त्यांनी रेंजवर जाऊन सराव केला, अगदी नेमानं. पहिल्या दिवशी हात कपाळापर्यंत उडाला. महिन्याभरात पुठ्ठ्याच्या काळ्या गोलात गोळ्या जायला लागल्या. कोणतंही काम करायचं तर नीटच, हा त्यांचा स्वभाव. कचेरीत मात्र एक भलतीच गोष्ट सुरू झाली. पहिल्यांदा सोनवण्यांनी अंग काढून घेतलं. ताई "चला" म्हणाल्या तर हे दात काढून म्हणाले, "आता आमची काय गरज मॅडम? तुमच्याकडे आहे की!" मग कोतवालाची कंबर दुखायला लागली. साहेबांनी बैठकीत सांगितलं, "कुंदाताईंच्या सुरक्षेचा विषय आपण मार्गी लावलाय." मार्गी लावलाय!

आणि मग माझी पाळी. एका गुरुवारी दुपारी ताई टेबलाशी आल्या. "शैले, खालच्या घाटाला ट्रॅक्टर लागलाय. चल." माझ्यापुढे उताऱ्यांचे अर्ज होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मनात खोल कुठेतरी ती चारीत पडलेली स्कूटर होती. मी भ्यायले होते. पण तसं सांगायलाही हिंमत लागते. मी हसत हसत म्हणाले, "ताई, आज तुम्हीच जाऊन या ना. आता तुमच्याकडे आहे की." सोनवण्यांचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

घाटावर काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं, सातबारा वाचून दाखवावा तशा आवाजात. नेहमीसारखी त्यांनी किल्ली काढली, मुठीत धरली, ढिगावर बसल्या. चौघं जण आले. मालक समोर उभा राहिला, एकानं मोबाईल धरला. मालक म्हणाला, "काढा की म्याडम! लई ऐकलंय तुमच्या रिव्हॉल्व्हरचं. बघू तरी कसलं हाय!" ताई लिहीत राहिल्या. "काढत न्हाई व्हय? मग किल्ली द्या." इतकी वर्षं ज्या हाताला कोणी हात लावला नव्हता, तो त्या माणसानं धरला आणि करंगळीपासून एकेक बोट उलगडलं. हसत हसत. मागे कोणी उभंच नव्हतं, मग लाज कोणाची बाळगायची? आणि पर्समध्ये हत्यार असलेल्या बाईला बाईमाणूस म्हणून सोडायचं तरी कशाला? किल्ली घेऊन ट्रॅक्टर गेला.

"ताई, काढायचं तरी होतं," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "काढलं असतं तर मारावं लागलं असतं. नुसतं दाखवायला ते खेळणं आहे का? ब्रासभर वाळूसाठी कोणाचा नवरा मारू मी?" करंगळी सुजून निळी झाली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी पाणी आणायला उठले.

तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. कचेरीतही पोचला. सोनवण्यांनी आवाज मोठा करून बघितला आणि वर म्हणाले, "मॅडमनी काढायला पाहिजे होतं. एवढं निवडून घेतलं त्याचा काय उपयोग?" त्यांना नावं ठेवावीत, तर मीही त्याच बाकावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं आणि परवाना रद्द करण्याचा अर्ज दिला. दोनच वाक्यं होती: "मला दिलेला परवाना रद्द करावा. मी दोन माणसं मागितली होती." साहेब वाचून म्हणाले, "ताई जरा भावनिक झाल्यात." त्यांनी त्याच्यावर काही लिहिलं नाही. दोन महिन्यांत प्रशासकीय कारणास्तव ताईंची बदली झाली, नगरला, अभिलेख कक्षात, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये. तोपर्यंतचे दोन महिने त्या एकट्याच नदीवर जात राहिल्या. मी एकदाही उठले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण हेच खरं आहे.

निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. मी एसटी स्टँडवर गेले, त्यांची पिशवी उचलली. म्हटलं, "ताई, माझं चुकलं." वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे गं. त्या म्हणाल्या, "हो, चुकलं." नगरची गाडी लागली. माझ्या हातातून पिशवी घेताना म्हणाल्या, "राग नाही शैले. पण विसरणार पण नाही." आणि चढून खिडकीपाशी जाऊन बसल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या जागी नवीन मंडळ अधिकारी रुजू झाल्या. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, तिशीच्या आतली मुलगी. तिसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर बसून नदीवरच्या बंदोबस्ताबद्दल विचारत होती. साहेबांनी मला आत बोलावलं. "शैलाताई, त्या बंदुकीच्या दुकानाचा पत्ता द्या मॅडमना. तुम्ही गेला होता ना निवडायला? बायकांच्या हाताला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. यांच्याबरोबर जाऊन या एकदा."

"जाते की साहेब," मी म्हणाले. "आत्ताच जाते."

साहेब खूश झाले. "जीप सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "नदीवर आम्ही स्कूटरनंच जातो."