भरेपर्यंत थांबणारा वारा
आज पेडण्याच्या स्टँडवर मिनीबसमध्ये बसले, डिझेलचा वास आला आणि तुयेचं आमचं हवामान-अ‍ॅपचं ऑफिस आठवलं. किनाऱ्यावर मोजलेला वारा आमचा सर्व्हर साठवून ठेवायचा आणि नोंदींचा गठ्ठा भरला की मगच पुढे अ‍ॅपच्या सर्व्हरला पाठवायचा, माणसं भरेपर्यंत न सुटणाऱ्या या बससारखा. एका दुपारी मांद्र्याचा होडीवाला मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "बाये, ह्यात वारो शांत दाखयतालो, आनी माजी होडी उलटली." आमचे साहेब म्हणाले, थोडा उशीर चालतो. मी त्यांच्यासमोरच सर्व्हरमधला गठ्ठा भरेपर्यंतचा तो थांबा काढला. प्रत्येक नोंद आली तशी पुढे जाऊ लागली. "कोणाला विचारून?" साहेबांनी विचारलं. मी होडीवाल्याकडे बोट दाखवलं, "ह्यांना." ते पुन्हा होतं तसं करायला मी नकार दिला, नोकरी गेली, पण तो थांबा कोणी परत घातला नाही, वारा अजून वेळेवर पोचतो. बस अजून भरायची आहे. मी उतरले आणि चालायला लागले.