चपला मागणारी बाई

डाकबंगल्याचं हॉटेल झालंय हे मला माहीत होतं, पण मी तिकडे फिरकलो नव्हतो. जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघालं की त्याचं कौलारू छप्पर रस्त्यावरूनच दिसतं. त्या बाजूला काम निघालं तर मी दुसऱ्या कोणाला पाठवायचो. गेल्या पितृपक्षात मात्र सोनाळ्याहून मोठ्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा, फोन आला.

"बापू, मले त्या बंगल्यावर घेऊन चाल. मह्या पोरीले भेटाचं हाय."

तिची पोरगी, माझी चुलत बहीण, त्या बंगल्याच्या विहिरीत गेली असं आमच्या घरात सगळे मानतात. तेव्हा तो इंग्रजांच्या वेळचा बंगला सरकारी विश्रामगृह होता आणि मोठे बाबा, म्हणजे ताईचे वडील, तिथले चौकीदार. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. कॉलेजला सुट्टी लागली की मी तिथं जायचो. अशाच एका सुट्टीत, सकाळी ताई घरात नव्हती आणि तिच्या चपला विहिरीच्या काठावर होत्या. गळ टाकून विहीर शोधली, काही लागलं नाही. आत कपार आहे, तिथं अडकली असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच ठरलं. पोरीचं लग्न जमलेलं, बोभाटा नको, म्हणून पोलिसांत कोणी गेलं नाही. दर्भाची बाहुली करून तिची क्रिया उरकली.

ताई मेलेली नाही. ती बऱ्हाणपूरला असते. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या पहाटे तिला बऱ्हाणपूरच्या गाडीत मी बसवून दिलं. ज्याच्याकडे ती गेली तो आमच्या जातीचा नव्हता. कळलं असतं तर तिच्या भावांनी दोघांनाही सोडलं नसतं. कोणाला सांगणार नाही असं मी तिला म्हणालो होतो, आणि आजवर कोणी विचारलं असतं तर मी त्या शब्दाची सबब सांगितली असती. खरं म्हणजे मी भीत होतो. आधी मोठ्या बाबांना भ्यायलो. ते गेल्यावर, इतकी वर्षं गप्प राहिल्याबद्दल लोक काय म्हणतील याला भ्यायलो.

मोठ्या आईला तिथं जायचं होतं ते कावळ्यापायी. पितृपक्षात ताईच्या नावाचं पान वाढतात, त्याला कावळा शिवत नाही. बाकीच्या पानांवर झडप पडते, हे तसंच राहतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि घरचे जेवायला बसतात. कावळा न शिवणं म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. कोणती, हे तिला कळत नव्हतं. त्यात नातवानं मोबाइलवर दाखवलं की त्या हॉटेलात एक बाई दिसते.

"ते तीच हाय," ती गाडीत म्हणाली. "तिले पुसतो मी, काय राह्यलं बाई तुह्यं."

"मोठी आई, ते लोक गिऱ्हाइकासाठी काहीबी सांगतात."

"सांगू दे ना. तुह्यं काय जाते?"

जळगाव मागे पडलं तेव्हा वाटलं, टायर पंक्चर व्हावं. नाही झालं.

हॉटेल भरदुपारी रिकामंच होतं. व्हरांड्याला पांढरा रंग दिलेला, जुन्या खांबांना दिव्यांच्या माळा. मॅनेजर तरुण होता, अकोल्याकडचा असावा. मोठ्या आईला पाहून तो खुर्ची घेऊन आला.

"आजी, जेवाले आले का भूत पाह्याले?"

"भूत पाह्याले," ती म्हणाली.

तो हसला. "मंग मुक्काम करा लागते. दिवसा नाही येत ते. तिले बी ऊन लागते."

"कशी दिसते?"

"ओली राह्यते. केस मोकळे. एका मॅडमच्या दारावर थाप मारली तिनं. काही करत नाही, फक्त चपला मागते. मह्या चपला कोनं नेल्या, म्हनते."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. चपलांचं हे माणसांच्या तोंडी अजून फिरत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या चपला काठावर मी ठेवल्या होत्या; ताई दुसऱ्या घालून गेली होती, या घरीच राहिल्या होत्या. ताईनं तसं सांगितलं नव्हतं. तिची गाडी सुटल्यावर परत येताना माझ्याच डोक्यात आलं, की लोक एक दिवस विहिरीत पाहत राहिले तर स्टँडवर कोणी चौकशी करणार नाही. एका दिवसापुरतंच होतं ते. संध्याकाळी सांगून टाकू, असं मी धरून चाललो होतो.

मोठी आई उठून मागे गेली. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, भोवती कुंड्या. ती जाळीला धरून वाकली आणि आत बघून बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तशी.

"बाई, मले कोनी सांगतलंच नाही. त्या चपला तुह्या बाबानं जाळल्या. मी म्हनलं राहू द्या, ऐकलं नाही त्यायनं."

मग तिनं पायातल्या चपला काढल्या, काठावर नीट जोडून ठेवल्या, हात जोडले आणि अनवाणीच परत फिरली. फरशी तापलेली होती. ती पावलं उचलत होती, पण चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला ते पाहवेना. आणखी एक दिवस गप्प राहिलो असतो तर ती सुखानं घरी गेली असती, हेही मला दिसत होतं.

मी तिला धरून सावलीत बसवलं आणि सांगितलं. जिवंत आहे म्हणालो, कुठे आहे ते सांगितलं, गाडीत कोणी बसवलं तेही.

तिनं विचारलं, "आन चपला?"

"मीच ठेवल्या."

"जित्या पोरीच्या नावानं मी पाणी सोडलं," ती हळू म्हणाली. "दर साली. कावळा काऊन शिवन बे? त्याले मालूम होतं."

मी फोन काढला, ताईचा नंबर आहे म्हणालो. तिनं माझा हात बाजूला केला.

"फोनवर नाही. आधी तू घरी सांग, तिच्या भावाईसमोर. मी नाही सांगनार. मंग तिले आणाले मी येतो."

येताना ती मागच्या सीटवर बसली. वाटेत दोनदाच बोलली. लेकरं किती, म्हणून विचारलं. मी दोन म्हणालो. बऱ्याच वेळानं विचारलं, नवरा मारत तं नाही ना. मी म्हणालो, नाही, चांगला आहे. आरशात ती मला दिसत होती, ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोनाळ्याला पोचलो तेव्हा दोघं भाऊ शेतातून आले होते. तिनं त्यांना हातपाय धुवायला लावले, सुनांना बाहेर बोलावलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. धाकटा भाऊ माझ्यासमोरच होता. त्या वेळी कपार पाहायला कमरेला दोर बांधून त्याला विहिरीत उतरवलं होतं, पण कपार खोल पाण्यात होती, तिथवर तो पोचला नाही. तो आत रडत होता आणि वरून त्याचा दोर धरणाऱ्यांत मी होतो.

"सांग," मोठी आई म्हणाली.

मी धाकट्याकडे बघून सांगायला सुरुवात केली.