सोमने बांधलेला उंच चौतारा

माझा धाकटा भाऊ सोमहाङ आमच्या खोऱ्यातला सगळ्यात उंच हमाल. उगाच बढाई नाही मारत. आम्हा नेपाळच्या राई लोकांत त्याच्या खांद्याला लागणारा माणूस आणून दाखवा, मी मिशी काढतो. बर्फाच्या खिंडीवरून दोघांचं ओझं एकटा नेतो आणि वर शीळ घालतो. शाळेत आम्ही दोघंही फार टिकलो नाही. मी वाटाड्या झालो, त्याने बाबांची टोपली उचलली.

बाबा त्याच खिंडीच्या चढावर ओझं वाहताना गेले. मेलेल्या माणसाच्या नावाने वाटेवर चौतारा बांधायचा, ही आमची रीत. दगडी कट्टा असतो. हमालाने पाठ फिरवायची आणि उभ्याउभ्या टोपली त्यावर टेकवायची. ओझं टेकलं की त्याचं पुण्य मेलेल्याला. सोमने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. मला, थोरल्या भावाला, म्हणाला, "दाइ, बाबांचं काम आहे, मी एकटाच करणार." थर चढला की स्वतःची भरलेली टोपली टेकवून बघायचा.

चौतारा पुरा झाला त्या दिवशी मी परदेशी पाहुणे आणि हमाल घेऊन वर येत होतो. वाटभर सांगत होतो, "बघाच माझ्या भावाचं काम! बाकीचे चौतारे कोंबड्यांची खुराडी वाटतील."

सोम नवी टोपी घालून कट्ट्याजवळ उभा होता. सगळ्यांच्या पुढे खुमा दिदी होती, बाबांबरोबर ओझी वाहिलेली. ती वळली, मागे सरकली. टोपली कट्ट्याच्या कडेखाली आपटली. टाचा उंच करून बघितलं, पुन्हा आपटली.

"सरक दिदी, तुला जमत नाही," मागचा हमाल म्हणाला. त्याचीही टेकेना.

"काय रे सोम्या," दिदी म्हणाली, "तुझे बाबा ओझं ढगावर टेकवायचे का?"

सगळे फिदीफिदी हसले. मग कट्ट्यासमोरच आपापल्या काठ्या टोपल्यांखाली लावून विसावले. एक पाहुणा कट्ट्यावर चढून फोटो काढून घ्यायला लागला. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलेलीच नव्हती.

"दाइ, माप माझ्याच उंचीचं धरलं मी," सोम पुटपुटला. "फोडतो."

"गप्प बस! खाली फळी टाकू, चढतील त्यावर. फोडलास तर गावभर होईल, पोरांना बापाचा चौतारा बांधता आला नाही म्हणून."

"होऊ दे. बाबांच्या नावाने एक ओझं टेकलं नाही."

त्याने पहार घातली. भर वाटेवर, सगळ्यांदेखत वरचा थर उचकटला. खेचरं घेऊन खाली जाणारे ओळखीचे लोक थांबायचे. "अरे, आत्ताच बांधलास ना?"

"माप चुकलं," तो प्रत्येकाला सांगत होता. माझे कान जळत होते. माझ्या भावाला कुणी हसावं आणि मी ऐकून घ्यावं, असं आजवर झालं नव्हतं.

"अजून एक थर, बाबू," खुमा दिदी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

तो थरही गेला. ती मागे सरकली. टोपली टेकली. कपाळावरचा पट्टा उतरवून तिने मान चोळली आणि बाबांचं नाव घेतलं. सोमने काही वर बघितलं नाही.

मी बाह्या सरसावल्या आणि वाटेत पडलेले दगड उचलून कडेला लावायला लागलो.

"वाटाड्याचा गवंडी झाला की काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

म्हणू दिलं.