गावकीने ठरवलेली हळद

माझी सासू धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे भटजी येवो न येवो, धवलारीण लागतेच. हळदीला ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव राहिलं तो मांडवाबाहेर ताटकळतो, असं आम्ही मानतो. माझा नवरा करोनात गेला. तोंड बघायला मिळालं नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मला बाकी काही नको होतं. त्याच्या आईच्या तोंडून त्याचं नाव मांडवात यावं, एवढंच.

आणि नेमकी त्याच साली गावकीला संस्कृती आठवली.

थळच्या अलीकडचं आमचं गाव. सभा देवळात भरते. पुरुष पुढे, बायका मागे खांबाला टेकून. संस्कृती समितीचा अध्यक्ष पनवेलला नोकरी करणारा, शिकलेला. त्याने सांगितलं, हळदीला डीजे बंद. मी सगळ्यात आधी हात वर केला. त्या डीजेने माझ्या अंगणवाडीची कौलं हलायची हो! पुढे म्हणाला, धवले सक्तीचे. तेही मान्य. मग म्हणाला, धवले शुद्ध स्वरूपात, सगळ्या घरांना सारखेच, रेकॉर्डिंगवर लावायचे.

आत्ता मला कळलं, मागे एकदा समितीने सासूला देवळात बसवून दुपारभर का गाऊन घेतलं होतं ते. बिचारी खुशीत गेली होती, नवं लुगडं नेसून. व्याह्याची टिंगल करणारी कडवी त्यांनी काढून टाकली, बाहेरची माणसं काय म्हणतील म्हणून. नावंही काढली, सगळ्या घरांना चालावं म्हणून.

मी उठले. म्हटलं, "डीजे बंद केलात, चांगलं केलंत. पण धवला घराघराचा वेगळा असतो. नावं काढली तर उरलं काय त्यात?"

"ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे," अध्यक्ष गोड हसला. "पण ही ती वेळ नाही. ग्रुपवर मांडा."

ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं! मी तसं म्हटलं तर दोन-चार जणी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. मी म्हटलं, "माझं चुकत असेल तर कुठे चुकतं ते सांगा." त्यावर एक म्हातारे पंच सावकाश उठले. "पोरी, चूक-बरोबर कोन इचारतो? गावानं ठरवलंय. तू गावात हायस का न्हाय, तेवरं सांग."

झाली चर्चा. कप्पाळ!

कधीकाळी हे धवलेसुद्धा कुणीतरी बसून ठरवलेच असतील, मी नाही म्हणत नाही. पण ठरवणाऱ्याला कुणी काही विचारू शकत असेल ना तेव्हा? सभेनंतर नळावर, मासळीच्या बाजारात, एकेकजण कानाशी येऊन सांगायचा, "तुजं खरं हाय गो." मला असा संताप यायचा! खरं आहे तर मग देवळात तुमची जीभ कुठे गेली होती? पण मलाही ठाऊक होतं. गावकीने एका घराशी बोलणं तोडलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या घरच्या मयताला खांदेकरी बाहेरून आणावे लागले. आणि आमच्याकडे लग्न एकट्याने उरकत नाही. मांडव गाव घालतं, चूल गाव पेटवतं. गाव आलं नाही तर माझ्या पोरीला हळद कोण लावणार? मी विधवा बाई, कुणाच्या जिवावर भांडू?

घरी सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "वाजवू दे त्यांना काय ते. मी माजं गाईन."

हळदीच्या संध्याकाळी अख्खं गाव आलं. पंच पहिल्या ओळीत बसले. स्पीकर लागला आणि सासूचाच आवाज मांडवभर झाला. देवांची बोलावणी झाली. मग पूर्वजांची जागा आली आणि आवाज तिथून सरळ पुढे निघून गेला. पोरीने हळदीने माखलेला चेहरा वर करून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या शेजारी सासूने पदर सारखा केला, घसा खाकरला. पहिल्या ओळीतल्या माना वळल्या. अध्यक्षाने मोबाइल समोर धरला होता तो खाली घेतला. मी सासूचा हात घट्ट दाबून धरला.

"आई, नको. आज नको. पोरीचं लग्न आहे."

तिने हात सोडवून घेतला नाही.

"तो भायेर उभा हाय गो," ती म्हणाली.

मी तिचा हात सोडला नाही.