गुडघा लागल्यावरचा नमस्कार

रविवारी सकाळी सात ते साडेआठ मी लातुरात मुलींना स्वसंरक्षण शिकवते. आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराचा हॉल त्यासाठी मिळाला आहे. मी मूळची नांदेडची, तरुणपणी ज्यूदो खेळलेली, नोकरी शाळेत पीटी शिकवायची. मी साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं, असं घरचे म्हणतात. वाटत असेल. इतकी वर्षं मैदानावर ओरडल्यावर कुणाचा आवाज गोड राहतो?

माझा आवडता धडा क्लिंचचा, म्हणजे समोरच्याचं डोकं धरून त्याला जखडण्याचा. कुणी अगदी अंगाशी आला आणि मागं सरकायला जागाच नसली, तर उलट त्याच्याच जवळ जायचं. दोन्ही तळवे त्याच्या डोक्यामागे, एकावर एक. बोटं एकमेकांत गुंतवायची नाहीत, मोडतात. कोपरं आत, त्याच्या छातीला घट्ट टेकलेली. ओढायचं ते डोकं, मान नव्हे. डोकं खाली गेलं की कितीही दांडगा माणूस असो, त्याचा तोल जातो. मग कंबर पुढं घालून गुडघा, खालून वर, दोन-तीनदा. लगेच ढकलायचं आणि पळायचं. समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात.

पण आमच्या मुलींचं घोडं भलत्याच ठिकाणी अडायचं. पकड छान, ओढ छान, गुडघा मैत्रिणीनं धरलेल्या जाड पॅडवर दणकन बसायचा, आणि पुढच्याच क्षणी पोरगी पकड सोडून खाली वाकायची. पॅड धरणाऱ्या मैत्रिणीला हात लावायची आणि तोच हात स्वतःच्या छातीला. पाय लागला ना! वहीला लागला, ताटाला लागला, झोपलेल्या माणसाला लागला, की लहानपणापासून हेच शिकवलेलं. मी संतापायची. "अगं, मारतेयस का पूजा करतेयस? त्याचं डोकं तुझ्या हातात आहे आणि तू ते सोडून देतेस?" असं ओरडायची. एकदा पॅड भिंतीला बांधून ठेवलं, तर एकीनं भिंतीलाच नमस्कार केला. त्या दिवशी हसून हसून सगळ्यांचं पोट दुखलं.

भिंतीला नमस्कार करणारी ती मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर औशाला, वडील शिक्षक. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून लातुरात आत्याकडं राहायची. आत्याचं घर आहे तोवरच माझं शिक्षण आहे, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाहेरगावची दुसरी सोय वडील करणार नव्हते आणि एकटीनं खोली घेऊन राहणं त्यांना मान्य नव्हतं. अंगानं किरकोळ, पण तिची पकड वर्गात सगळ्यांत चांगली. तिनं धरलं की मलासुद्धा डोकं वर करता यायचं नाही.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर ती चपला घालता घालता म्हणाली, "मॅडम, समोरचा वळखीचा असला तर?"

मी घाईत होते. शिवाय चार मुली ऐकत होत्या आणि मला टाळ्या घ्यायची सवय आहे. "गुडघ्याला नातं कळत नाही," मी म्हटलं. मुली हसल्या. तीही हसली. कोण ओळखीचा, काय झालं, असं मी विचारलं नाही. आज मला त्या वाक्याची शिसारी येते.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या शाळेच्या गेटवर आली. ड्युटीचा गणवेश अंगावर, डोळे कोरडे. आदल्या दुपारी आत्या भाजीला गेली होती. आत्याचा नवरा स्वयंपाकघरात आला आणि त्यानं तिला ओट्याशी अडवलं. हे काही पहिल्यांदा नव्हतं. तिनं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. तळवे डोक्यामागे, कोपरं आत, ओढ, गुडघा. एकाच फटक्यात तो पोट धरून खाली बसला. समोर दार सताड उघडं होतं.

"मग पळाली का नाहीस?" मी विचारलं.

"हात आपोआप गेला, मॅडम. मला कळलंच न्हाई. मोठ्या माणसाला पाय लागला ना."

ती वाकली होती. त्याच्या पायांना हात लावून तो छातीला लावत होती, नेमकी तेव्हाच आत्या पिशवी घेऊन दारात आली. नवरा खाली बसलेला, भाची त्याच्या पायाशी. आत्यानं जे पाहिलं तेच धरून ठेवलं. नवऱ्यानं सांगितलं, अभ्यासावरून बोललो तर पोरगी अंगावर आली आणि मग पस्तावली. पस्तावा आत्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर पोरीनं काहीही सांगितलं तरी आत्याचा प्रश्न एकच होता. तुझं चुकलं नव्हतं, तर पाया कामून पडलीस?

ती गेटवर आली त्याच संध्याकाळी वडील येऊन तिला औशाला घेऊन गेले. मी गेटवरच तिला अडवायला हवं होतं, पोलिसांत न्यायला हवं होतं, असं लोक मला म्हणतात. मी तसं म्हटलंही होतं. ती नको म्हणाली, आत्याचा संसार मोडेल. मी तिचं ऐकलं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी वर्गाला सुट्टी देऊन मी औशाला गेले. वडिलांनी अदबीनं खुर्ची दिली, आईनं चहा ठेवला. मी गेल्या गेल्या सगळं बोलून टाकलं. पाय लागल्यावर वाकणं ही तिची सवय आहे, सगळ्याच मुलींची आहे, त्याचा माफीशी संबंध नाही, हे जमेल तितक्या शांतपणे सांगितलं.

"चूक नसती तर पाया कशाला पडली असती, मॅडम?" ते म्हणाले.

"सर, ती पॅडच्याही पाया पडायची. एकदा तर भिंतीच्या पडली."

ते हसले. बोलून झाल्यावर माझ्याही लक्षात आलं की हे हसण्यासारखंच आहे. त्या हसण्यावर माझा युक्तिवाद संपला.

"तुमच्यासमोरच विचारतो," म्हणून त्यांनी तिला हाक मारली. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. कुणाकडं बघून नाही, फरशीकडं बघून. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. त्यांना खरं काय ते कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण बहीण तोडायची की पोरीचं शिक्षण, यात त्यांनी निवड केली होती. कॉलेजातून नाव काढून झालं होतं. स्थळं बघणं सुरू होतं.

ती मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं रडेल, किंवा मला दोष देईल. दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, दिवाळीनंतर आत्याकडं तिच्या मालकांची पुतणी येऊन राहणार हाय. कॉलेजला. तिला तरी शिकवा." मी हो म्हटलं. एवढं बोलून ती मागं वळून गेली.

वर्ग अजून चालतो. मुली अजून गुडघा मारून वाकतात. मी आता ओरडत नाही, नुसती पुढच्या जोडीच्या हाती पॅड देते. यातून कुणाचं भलं होईल, असं खरं सांगायचं तर मला वाटत नाही. बंद करायचीही हिंमत होत नाही.

दिवाळीनंतर मी त्या घरी गेले. आत्यानं दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितलं तशी तिनं कडी हातात घट्ट धरली. तिच्यामागे स्वयंपाकघरात एक मुलगी पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होती.

"आमच्याकडं कुणाला काही शिकायचं न्हाई," आत्या म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून मोठ्यानं विचारलं, "बाळा, रविवारी येशील का गं?"

मुलगी वळली नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "कोण हाय?" आणि मुलीचा चिरता हात जागच्या जागी थांबला. आत्याला ते दिसलं नाही, तिची तिकडं पाठ होती. मला दिसलं. मी काही बोलायच्या आत दार लागलं.