बाईसमोर धरलेले तळहात

फोन भावजींचा होता. "तुही बाई गेली," एवढंच बोलले आणि रडायला लागले... मी भात उतरवला, गॅस बंद केला आणि मग खाली बसले. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई बिरसीला, विमानतळाला लागूनच दिलेली. शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालायची आणि ही खाली चिखलात धानाची रोवणी करायची, मान वर न करता.

नव्व्याण्णव साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हातपाय खाजवून बेजार. अंगावर पुरळ नाही, काही नाही. कोणी उष्णता म्हटलं, कोणी कडुनिंबाचा पाला उकळून दिला. ती आपली बाजेच्या सुंभावर तळपाय घासत बसायची. मग नवव्या महिन्यात एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता... पुढे तिला मूल झालंच नाही.

तेव्हापासून तिला एक खोडच लागली. पोटुशी बाई दिसली की हात धरायचा, तळहात उलटून पाहायचा. "खाजते का वो?" लग्नात, बाजारात, कुठेही. नव्या सुनांना वाटे, ही भविष्य सांगते. मला मेली लाज वाटायची तिची.

माझ्या खेपेला ती भेटायला आली. जेवताना मी ताटाच्या काठावर हात घासत होते.

"काऊन घासून राहिली?"

"असंच."

तिनं ताट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी मला नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणातला यकृताचा आजार आहे; पित्त रक्तात साठतं, खाज आईला सुटते आणि धोका बाळाला असतो. बाळंतपण लवकर करावं लागेल. मग त्यांनी एक मागणं मागितलं. या आजारात रक्तातली आणि बाळामागून पडणाऱ्या वारेतली कोणती प्रथिनं बदलतात, हे त्या शोधत होत्या. सापडली तर पुढे आजार आधीच ओळखता येईल. त्यासाठी माझं रक्त आणि वारेचा तुकडा हवा होता.

आई बिथरली. आमच्यात वार अंगणात पुरतात, तीही अख्खी. "तुकडा तोडला तं लेकराले लागते," तिचं एकच.

बाई म्हणाली, "माह्यावाली अख्खीच पुरली होती ना, आई? लेकरू बी तिच्या बाजूलेच पुरलं."



मला मुलगी झाली. एवढीशी, रडकी, जिवंत. तुकडा डबीत गेला. उरलेली वार बाईनं स्वतः पुरली. नंतर दर भेटीत विचारायची, "सापडलं का वो त्या डॉक्टरनीले?" मी म्हणायची, "शोधून राहिल्या, बाई." तिला तेवढंही पुरायचं.

परवा बाईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला बिरसीला गेले. बाई बसायची ती बाज ओसरीत तशीच होती. शेजारची सून पोट सांभाळत आली आणि सवयीनं दोन्ही तळहात बाजेसमोर धरून उभी राहिली... मग तिचं तिलाच कळलं. ती हात मागे घेत होती, तेवढ्यात मी धरले.

"खाजते का वो?"

"रातीले लई," ती हळूच म्हणाली.

मी भावजींना गाडी काढायला सांगितलं.