आतून धरलेली वाफ

शेजारच्या नानांनी थर्माकोलच्या खोक्यापासून अंडी उबवण्याची पेटी घरीच तयार केली आहे. पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली की आत ओलावा वाढवावा लागतो, म्हणून वाटीत पाणी आणि त्यात एक स्पंज. आज झाकणाच्या काचेवर आतून वाफ धरली होती, आणि नाना ती बाहेरून पुसत होते.

"अहो, वाफ आतून आहे," वहिनी म्हणाल्या. "पुसताय काय बाहेरून?"

"मग उघडतो जरा."

"खबरदार! ओल गेली तर पिल्लू कवचालाच चिकटेल. जन्म गेला, पण धीर म्हणून नाही तुम्हाला."

नाना माझ्याकडे बघून हसले. असा ओरडा खाणाऱ्या नानांचा मला हेवा वाटला. इतका, की पिल्लं बघायला थांबावंसंही वाटेना. दोघांच्या घरात ही ओल असते तोवर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. शोभा गेल्यापासून माझ्या घरात मी काहीही केलं तरी कोणी रागावत नाही.

घरी येऊन चहा ठेवला. पातेल्यावर वाकलो तशी चष्म्यावर वाफ धरली. "पुसा आधी तो चष्मा, हात भाजून घ्याल," असं शोभा दर वेळी म्हणायची.

मी चष्मा न पुसता तसाच उभा राहिलो.